बालकाच्या यकृतातील गाठ : निदान, शस्त्रक्रिया आणि गावाचे कर्तव्य

(कपिलधार, जिल्हा बीड येथील व्याख्यान)



बालाघाटच्या कुशीत वसलेले कपिलधार हे मन्मथस्वामींच्या संजीवन समाधीचे स्थान. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचून त्यांनी धर्मज्ञान सामान्यांच्या भाषेत आणले. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून येथे दिंड्या येतात. याच सुमारास बीड जिल्ह्याच्या अनेक गावांतून आणखी एक वाट वाहू लागलेली असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे भांडीकुंडी, शिधा आणि लहान मुले घेऊन कारखान्यांच्या दिशेने जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. आजच्या विषयाचा या दोन्ही वाटांशी संबंध आहे. ज्ञान सामान्यांच्या भाषेत आले पाहिजे, हा एक संबंध. आणि घर सोडून दूर गेलेल्या कुटुंबातील मूल गंभीर आजारी पडले तर त्याच्या उपचाराचा धागा तुटता कामा नये, हा दुसरा.

विषय आहे लहान मुलांच्या यकृतात होणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगाचा. वैद्यकशास्त्रात त्याला ‘हेपॅटोब्लास्टोमा’ म्हणतात. हे नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. मात्र त्यामागचा एक साधा नियम प्रत्येक गावाने लक्षात ठेवला पाहिजे. तो पुढे येईलच.

यकृताची रचना

यकृत हा शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव होय. पोटाच्या उजव्या बाजूस, वरच्या भागात, बरगड्यांच्या आड तो असतो. प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलो भरते. नवजात बालकात शरीराच्या मानाने यकृत बरेच मोठे असते. पित्त तयार करणे, अन्नातून आलेल्या द्रव्यांवर प्रक्रिया करणे, साखरेचा साठा राखणे, रक्त गोठण्यास आवश्यक असणारी प्रथिने बनविणे, विषारी द्रव्यांचा निचरा करणे अशी अनेक कामे हा अवयव अहोरात्र करीत असतो.

प्रौढ व्यक्तीच्या यकृतातून दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून येते आणि उरलेले रोहिणीतून. यकृतावर शस्त्र चालविणे शल्यविशारदांना दीर्घ काळ अशक्यप्राय वाटत होते, याचे मुख्य कारण हा विपुल रक्तपुरवठा होय.

परंतु निसर्गाने या अवयवास एक मोठे वरदानही दिले आहे. निरोगी यकृताचा बराच मोठा भाग काढून टाकला, तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढू लागतो आणि गेलेल्या भागाचे काम आपल्या शिरावर घेतो. यकृताच्या गाठीवरील शस्त्रक्रियेचा सारा पाया या वाढीच्या शक्तीवर उभा आहे.

दुर्मीळ म्हणजे किती?

हेपॅटोब्लास्टोमा बहुधा तीन वर्षांच्या आतील बालकांत आढळतो. बालकर्करोगांच्या एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास असते. पंधरा वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण, असे ढोबळ प्रमाण जगभर सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. हे प्रमाण येथे लावले, तर साऱ्या जिल्ह्यात वर्षाकाठी एखादेच मूल या आजाराचे निघेल.

या हिशेबाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सारी नोकरी संपली तरी त्याच्यासमोर असा एकही रुग्ण येणार नाही, असे सहज घडू शकते. जो आजार कधी पाहिलेलाच नाही, तो मनात येणार कसा? म्हणून आजाराचे नाव पाठ करण्यापेक्षा नियम पाठ करणे हिताचे. तो नियम असा : लहान मुलाच्या पोटात हाताला गाठ लागली, किंवा पोटाचा एखादा भाग टणक आणि फुगलेला जाणवला, तर कारण काहीही असो, त्या मुलाची सोनोग्राफी तातडीने झाली पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत पोटात गाठ लागलेल्या बालकाला ४८ तासांच्या आत तज्ज्ञाकडे नेण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. आपल्याकडील अंतरे आणि साधने वेगळी असली, तरी घाईचे कारण तेच आहे.

हा नियम पाळल्याने केवळ यकृताच्याच गाठी सापडतील असे नाही. मूत्रपिंडाची ‘विल्म्स’ नावाची गाठ, मज्जापेशींची गाठ, यकृतातील गळू, रक्ताच्या आजारामुळे वाढलेली प्लीहा हे सारे त्याच एका तपासणीत उजेडात येते.

गाठ प्रथम कोणाला दिसते?

ही गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. कावीळही क्वचितच होते. मूल खेळत असते. आंघोळ घालताना किंवा झबले चढविताना आईच्या हाताला उजव्या बरगडीखाली काहीतरी कठीण लागते. पुढे भूक मंदावते, मूल किरकिरते, फिकट दिसू लागते, हातपाय बारीक होतात आणि पोट मात्र मोठे दिसते.

घोटाळा होतो तो येथेच. कुपोषण, जंत किंवा वारंवारचे हगवणीचे आजार असलेल्या मुलांची पोटेही मोठी दिसतात. त्यामुळे ‘पोट सुटले’, ‘जंत झाले’ असे म्हणून आठवडे निघून जातात. काही ठिकाणी पोट चोळून घेतात, लेप लावतात, क्वचित डागण्याही देतात. यांपैकी कशानेही गाठ विरत नाही. उलट चोळण्याने आणि दाबण्याने गाठ आतल्या आत फुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पोटात गाठ लागल्यावर तीवर दाब देऊ नये, शेजारीपाजाऱ्यांना पुन:पुन्हा दाबून पाहू देऊ नये, हे प्रत्येक मातेस सांगणे अगत्याचे आहे.

अंगणवाडी सेविकेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अशा मुलाच्या बाबतीत वजनकाटा फसवतो. मूल खंगत असते, परंतु गाठीचे वजन त्यात मिळाल्याने काट्यावरील आकडा घसरत नाही. अशा वेळी दंडघेराची पट्टी खरे सांगते. वजन जागच्या जागी, दंड मात्र बारीक आणि पोट एका बाजूने टणक, असे चित्र दिसले तर ते मूल त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमास प्रारंभ झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा शाळांत मुलांची तपासणी करतात. हा कार्यक्रम जन्मजात दोष, कमतरतेचे विकार, बालपणीचे काही आजार आणि विकासातील विलंब यांसाठी आखलेला आहे. पोटातील गाठीसाठी नव्हे. तरीपण पथकातील डॉक्टरांचा हात प्रत्येक मुलाच्या पोटावरून एकदा फिरला, तर त्यास वेगळा खर्च पडत नाही. मात्र तपासणीच्या दिवशी मूल हजर असले पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले या यादीतून सुटतात. ती परत आल्यावर पथकासमोर आणण्याची जबाबदारी शाळेने आणि ग्रामपंचायतीने वाटून घेतली पाहिजे.

निदानाचा क्रम

सोनोग्राफीत गाठ यकृतातच आहे की मूत्रपिंडात, ती भरीव आहे की पाण्याने भरलेली, हे कळते. मेंढपाळ आणि कुत्री यांचा जेथे नित्य सहवास असतो, तेथे ‘हायडॅटिड’ नावाची पाण्याची पिशवी यकृतात आढळते. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका कृमीमुळे ती होते. हा कर्करोग नव्हे. परंतु आधी चित्र न घेता तीत सुई खुपसली, तर आतील द्रव पोटात सांडून जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. आधी प्रतिमा आणि मगच सुई, हा क्रम म्हणूनच कटाक्षाने पाळावा लागतो.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या येतात. त्यांत ‘अल्फा फीटोप्रोटीन’ या प्रथिनाची मोजणी अतिशय उपयुक्त ठरते. गर्भावस्थेत हे प्रथिन यकृतात भरपूर तयार होते आणि जन्मानंतर ओसरत जाते. १९६३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांत ते आढळले आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी माणसातील यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखविला. हेपॅटोब्लास्टोमाच्या दहापैकी सुमारे नऊ मुलांत हे प्रथिन वाढलेले असते. तथापि नवजात बालकात ते मुळातच जास्त असते आणि प्रौढांच्या पातळीवर येण्यास साधारणत: पहिले वर्ष लागते. म्हणून मुलाच्या वयाचा विचार करूनच तो आकडा वाचावा लागतो. अहवालावरील आकडा पाहून घरच्यांनी किंवा गावातील जाणत्यांनी निष्कर्ष काढू नयेत.

सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. या तपासण्यांनी गाठीची व्याप्ती ठरते. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराचे काप दाखविणारे सी. टी. स्कॅन तंत्र १९७० च्या दशकाच्या आरंभी आले आणि त्याबद्दल गॉडफ्री हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रापूर्वी शल्यविशारदाला गाठीचा खरा विस्तार पोट उघडल्यावरच कळत असे. आज तो आधीच कळतो. याच वेळी छातीचेही चित्र घेतात, कारण हा आजार पसरलाच तर बहुधा फुप्फुसांत पसरतो.

शेवटी गाठीचा सूक्ष्म तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यास बायॉप्सी म्हणतात. ‘शस्त्र लावले की कॅन्सर पसरतो’ असा समज गावोगाव रूढ आहे. या समजापायी अनेकजण बायॉप्सी नाकारतात. अनुभवी डॉक्टरांच्या हाती योग्य रीतीने केलेल्या बायॉप्सीचा धोका अल्प असतो. निदान न होता दिलेल्या उपचाराचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.

आधी औषध, मग शस्त्र

पूर्वी या आजारावर शस्त्रक्रिया हाच एकमेव उपाय होता आणि ज्यांची गाठ संपूर्ण निघे, अशी थोडीच मुले वाचत. ‘सिस्प्लॅटिन’ हे औषध उपचारात आल्यावर चित्र पालटले. या औषधाने गाठ आक्रसते, तिच्या कडा स्पष्ट होतात, आणि जी गाठ काढता येण्याजोगी नव्हती ती काढता येते.

१९९० च्या सुमारास युरोपातील बालकर्करोगतज्ज्ञांनी यकृताचे चार उभे विभाग कल्पून गाठीची प्रत ठरविण्याची पद्धत बसविली. गाठ एकाच विभागात असेल तर पहिली प्रत. चारही विभाग व्यापले असतील तर चौथी. किती विभाग मोकळे आहेत, यावर शस्त्रक्रियेचा बेत ठरतो. या गटाने २५५ मुलांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात सौम्य धोक्याच्या गटातील मुलांना शस्त्रक्रियेपूर्वी औषधाच्या चार आणि नंतर दोन फेऱ्या देण्यात आल्या. केवळ सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलांपैकी शेकडा ९५ मुलांची गाठ पूर्णपणे काढता आली आणि तीन वर्षांनंतर शेकडा ९५ मुले हयात असल्याचा अंदाज निघाला. फुप्फुसांत पसरलेल्या किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरलेल्या गाठींचे निकाल इतके चांगले नसतात. लवकर येण्याचे महत्त्व या फरकात आहे.

शस्त्रक्रियेची घडण

१८८८ साली जर्मनीत कार्ल लांगेनबुख यांनी यकृताचा भाग काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्या रुग्णाचे पोट रक्तस्रावामुळे पुन्हा उघडावे लागले होते. १९०८ साली ग्लासगो येथील जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा काही काळ दाबून धरला, तर रक्तस्राव आटोक्यात येतो, असे दाखविले. व्हिएतनाममध्ये हनोई येथे डॉ. तोन थात तुंग यांनी १९३० च्या दशकात अनेक यकृतांचे विच्छेदन करून आतील रक्तवाहिन्यांची वाट शोधली. १९५७ साली फ्रान्सचे क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ खंड स्पष्ट केले. प्रत्येक खंडाला स्वत:चा रक्तपुरवठा आणि स्वत:ची पित्तनलिका असते. शेतात बांध पाहून वाटणी करावी, तद्वत या खंडांच्या सीमा पाहून यकृताचा रोगट भाग वेगळा करता येऊ लागला.

आज अशी शस्त्रक्रिया करताना शल्यविशारद प्रथम यकृत मोकळे करतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सोनोग्राफीचे यंत्र थेट यकृतावर ठेवून गाठीची कड आणि रक्तवाहिन्यांची जागा पुन्हा पडताळतो. काढावयाच्या भागाकडे जाणारी रोहिणी, नीला आणि पित्तनलिका बांधल्या जातात. मग सीमारेषेवरून ऊती हळूहळू विलग करीत, मध्ये येणारी प्रत्येक वाहिनी बांधीत किंवा जाळून बंद करीत गाठ निरोगी कडेसह काढली जाते. भूलतज्ज्ञाचे कामही तेवढेच कठीण असते. दोन वर्षांच्या मुलाच्या शरीरात एकूण रक्तच लिटरभराच्या आसपास असते. त्यातील पेलाभर रक्त जाणे हीसुद्धा मोठी हानी ठरते. म्हणून बालशल्यविशारद, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि बालकांचा अतिदक्षता विभाग जेथे एकत्र आहेत, तेथेच ही शस्त्रक्रिया व्हावी.

चारही विभाग गाठीने व्यापले असतील, तर यकृतप्रत्यारोपणाचा मार्ग उरतो. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली दिल्लीत एका बालकावर यकृतप्रत्यारोपण यशस्वी झाले. आई किंवा वडील आपल्या यकृताचा लहानसा भाग मुलास देऊ शकतात. दात्याचे यकृत नंतर भरून येते.

बार्शीचा धडा

ग्रामीण भागात हे सारे कसे साधणार, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कपिलधारपासून फार दूर नाही. दक्षिणेस, याच बालाघाटाच्या पायथ्याशी बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम हे तीन तालुके तिने हाती घेतले. भूम तालुका तर बीड जिल्ह्याला लागूनच आहे. त्यापूर्वी १९६३ साली डॉ. दारा जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. परंतु शहरात रुग्णालयांचे कागद पाहून जी नोंद करता येते, ती खेड्यात होत नाही. कारण खेड्यातील रुग्ण अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी वेगळी रीत अवलंबिली. ते ठरावीक काळाने प्रत्येक गावी गेले. गावातील जाणत्या माणसांना भेटले, कर्करोगाची धोक्याची लक्षणे लोकांना समजावून दिली आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी रुग्णालयापर्यंत आणण्याची व्यवस्था केली. नोंद आणि जागृती ही दोन्ही कामे एकाच फेरीत होऊ लागली. थोड्याच वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अधिक स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्याचे दिसून आले. मोठी यंत्रसामग्री गावात न नेताही, केवळ माहिती आणि पाठपुरावा यांच्या बळावर रोग लवकर सापडू शकतो, हा बार्शीचा धडा होय. स्त्रियांच्या आजाराबाबत जे घडले, ते बालकांच्या बाबतीत का घडू नये?

पैसा, प्रवास, मुक्काम

गावापासूनची वाट अशी आहे : प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून सोनोग्राफीची सोय असलेले ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालय, पुढे अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व कर्करोग रुग्णालय आणि गरज पडल्यास मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

खर्चाची भीती हे विलंबाचे मोठे कारण असते. २०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती सर्व जिल्ह्यांत लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. २०२३ च्या शासन निर्णयानुसार प्रति कुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची त्यात तरतूद झाली. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन प्रथम त्यास भेटावे. ग्रामसेवकाने अशा कुटुंबाची कागदपत्रे एका दिवसात पुरी करून दिली, तर तोही उपचाराचाच एक भाग ठरेल.

मुंबईतील मुक्कामाचा प्रश्नही सुटू शकतो. संत गाडगे महाराजांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा वर्षानुवर्षे कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची विनामूल्य निवासकेंद्रेही आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी केल्यास पुढील मार्ग मिळतो.

उपचाराचा धागा

या उपचाराचे यश नियमिततेवर अवलंबून असते. औषधाच्या फेऱ्या दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चालतात; शस्त्रक्रिया ठरल्या वेळी व्हावी लागते; नंतरही फेऱ्या असतात. सारे मिळून काही महिने जातात. ऊसतोडीच्या हंगामाशी या महिन्यांची गाठ पडली, तर काय होते याची कल्पना येथील श्रोत्यांना सहज येईल. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकजण मुलापाशी थांबला तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. शिवाय गाठ आक्रसल्यावर मूल हसू-खेळू लागते. मग ‘आता बरे झाले’ असे वाटून कुटुंब कारखान्याची वाट धरते. गाठ आत तशीच असते. शस्त्रक्रियेची नेमकी वेळ टळते आणि ती पुन्हा वाढते.

ही कोंडी एकट्या कुटुंबाने सोडवावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ग्रामपंचायतीने मुकादमाशी बोलून उचलीच्या परतफेडीस मुदत मिळवून द्यावी. आई मुलापाशी राहील आणि मोठी भावंडे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतील, अशी व्यवस्था लावून द्यावी. पुढील फेरीची तारीख आशा कार्यकर्तीच्या वहीत लिहिलेली असावी. मूल कारखान्याच्या तळावर गेलेच, तर कागदपत्रांचा एक संच आईजवळ असावा. औषधे चालू असताना मुलाची रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. अशा वेळी कोपीवर ताप अंगावर काढू नये. त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठावे.

शाळेची जबाबदारी

बरे झालेले मूल काही वर्षांनी शिक्षकांसमोर येऊन बसते. सिस्प्लॅटिनचा एक दुष्परिणाम कानांवर होतो. त्यामुळे उंच स्वरातील आवाज ऐकू येईनासे होतात. अशा मुलाला बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. ते आळशी किंवा मंद वाटते आणि विनाकारण बोलणी खाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्यास श्रवणदोषाचे प्रमाण शेकडा ६३ वरून ३३ वर आल्याचे दिसले. तरीही धोका पूर्णपणे टळत नाही. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे आणि त्याची श्रवणचाचणी करवून घ्यावी.

कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. पोटावरील व्रणामुळे त्या मुलाला खेळातून वगळू नये. पुनर्तपासणीच्या दिवशी त्याची गैरहजेरी सांभाळून घ्यावी. अल्फा फीटोप्रोटीनची तपासणी पुढे काही वर्षे करावी लागते. आजार परत आला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो आणि लवकर कळला तर पुन्हा उपचार करता येतात.

प्रतिबंधाविषयी दोन शब्द

हेपॅटोब्लास्टोमा टाळण्याचा खात्रीचा उपाय उपलब्ध नाही. अतिशय कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बालकांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून गर्भवतीची काळजी महत्त्वाची आहेच. मात्र मोठ्या मुलांत आणि प्रौढांत होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण ‘हिपॅटायटिस बी’ हा विषाणू आहे आणि त्यावर लस आहे. तैवानने १९८४ साली बालकांना ही लस देण्यास प्रारंभ केला आणि पुढे तेथील मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे सिद्ध झाले. भारतात २०११ पर्यंत ही लस सर्व राज्यांच्या नियमित लसीकरणात आली. जन्मानंतर २४ तासांच्या आत तिची पहिली मात्रा बालकास मिळते की नाही, हे पाहणे गावाच्या हाती आहे.

समारोप

एका जिल्ह्यात वर्षाला एखादेच मूल. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्या एका मुलाच्या घरी हा प्रश्न कोणी विचारणार नाही. शिवाय ते मूल कोणत्या गावात असेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक गावास सज्ज राहावे लागते. शल्यविशारदाचे कौशल्य, औषधांची शक्ती आणि शासनाची योजना या तिन्ही गोष्टी मूल वेळेवर पोहोचले तरच कामी येतात. पोहोचविण्याचे काम गावाचे आहे.

कपिलधारला येणारी दिंडी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाते. वाटेतील प्रत्येक गाव तिची विचारपूस करून तिला पुढच्या गावाच्या स्वाधीन करते. आजारी मुलाच्या बाबतीतही माता, अंगणवाडी सेविका, शिक्षक, सरपंच आणि डॉक्टर यांनी असेच वागावे. येथून परतल्यावर प्रत्येक ग्रामपंचायतीने पुढील सभेत दोनच गोष्टी कराव्यात : आपल्या गावाजवळ सोनोग्राफी कोठे आणि कोणत्या दिवशी होते, ते फळ्यावर लिहून लावावे, आणि हंगामाहून परतलेल्या प्रत्येक लहान मुलाची तपासणी पंधरा दिवसांच्या आत करवून घ्यावी. एवढे झाले, तरी आजच्या या व्याख्यानाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.